चहाची रेघ

“ह्या मी बोलूक नाय! जीव गेलो तरी ह्या मी बोलूक नाय!”

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तावडेमामा ओरडत होते. मामांनी उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात काढलेला. तिथे शेकडो साचे एकदम खडखडत कापड विणतात. त्या खडखडाटाच्या वर बोलायची सवय लागलेला आवाज घरी आल्यावरही खाली उतरत नसे. मामांनी बायकोकडे मीठ मागितलं की तिन्ही मजल्यांवरच्या बायका आपापले डबे उघडत. आज तर ते खरोखरच संतापले होते. समोरच्या चाळीवरची कबुतरं उडाली ती थेट प्रभादेवीला जाऊन बसली, आणि नाक्यावर उभी असलेली ट्राम, मी शपथेवर सांगतो, घंटी न वाजवता निघून गेली.

मामांच्या पुढ्यात स्टुलावर रिबेलोबाई बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल, पायाशी काळी छत्री.

“कुठली ओळ, मामा?” बाईंनी विचारलं. सदरा काखेत कुठे दाटतोय ते शिंप्याने विचारावं, तसं.

मी कुठे होतो म्हणाल, तर वाळत घातलेल्या एका नऊवारीच्या मागे. कारण वही माझी होती. त्या वहीत एक ओळ खोटी होती, आणि ती कुठली हे त्या अख्ख्या गॅलरीत फक्त मला ठाऊक होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीची ती वर्षं. मुंबई कुणाची यावर जो तो बोलत होता. पुढारी बोलत होते, शेठ बोलत होते, वर्तमानपत्रं तर झोपेतही बोलत होती. मुंबईत राहणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. फणसवाडीत एका छत्रीवाल्याच्या दुकानावर आमचं लहानसं चौकशी मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. त्यांच्या मनात आलं की डिलाईल रोड, लालबाग, परळ इथल्या खोल्यांत जाऊन बसावं, माणसं काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि त्याचं पुस्तक करावं. लिहून घ्यायला आम्ही पाच जण होतो. आमच्या वह्या तपासायला रिबेलोबाई.

बाई गिरगावातल्याच, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यातल्या. घोट्यापर्यंत झगा, पायात पुरुषी बूट आणि मराठी अशी की सरांनी दोनदा विचार करून बोलावं. पूर्वी त्या म्युनिसिपालटीच्या सुईण होत्या. परळ ते प्रभादेवी निम्म्या जनतेच्या पाठीवर पहिली थाप बाईंची पडलेली. त्यामुळे मिशा फुटलेले गडीसुद्धा त्यांच्यासमोर खोटं बोलताना पाठ भिंतीला लावून बसत. माणसाची चौकशी कशी करावी हे बाई बाळंतिणींच्या खाटेशी शिकल्या होत्या, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं.

“कळा किती किती वेळाने येतात हे तिला विचारायचं. मग आपण घड्याळ घेऊन बसायचं. तिचं आणि घड्याळाचं जुळलं तर बरं. नाही जुळलं तर दोघांपैकी कुणाला खोटं पाडायचं नाही. खुर्ची जवळ ओढायची.”

मंडळावर एक आकडेवाले साहेब होते. त्यांचं सगळं आयुष्य कोष्टकात बसलेलं. एकदा बैठकीत ते म्हणाले, “चाळीतल्या बायकांची बडबड ही. याला पुरावा कसं म्हणायचं?”

“साहेब, तुमच्या घरी नळ किती वाजता येतो?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी छताकडे पाहिलं. “ते मंडळींना ठाऊक.”

“म्हणजे पुरावा घरात आहे, फक्त तुमच्याकडे नाही.”

साहेबांना ते पटलं नाही. बैठक संपल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, “ह्या माणसाला हसू नका. सगळं जग त्याच्यासारखंच विचारणार. आपल्या पुस्तकात एक ओळ खोटी निघाली की तो म्हणेल सगळंच खोटं, आणि ज्यांनी कामधाम सोडून आपल्याला खरं सांगितलं त्या सगळ्यांचं बोलणं गटारात जाईल.”

त्यांना भीती होती ती एवढीच. बाकी त्या बैलाला भीत नसत, पोलिसाला भीत नसत आणि सरांच्या बायकोलाही भीत नसत.

आता आमची अडचण काय ते सांगतो. त्या दिवसांत हातात वही-पेन्सिल घेऊन चाळीत शिरलेला माणूस म्हणजे साध्या कपड्यातला पोलीस, अशी गिरणगावाची खात्री होती. मी विचारायचो, “नळाला पाणी किती वाजता येतं?” समोरचा छाती काढून सांगायचा, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.” “मुलं किती?” “झालाच पाहिजे.” एका आजोबांना मी नाव विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, आणि मी तेच लिहून आलो.

बाईंनी त्यावर चहाची रेघ काढली. म्हणाल्या, “चहा येईपर्यंत माणूस वहीशी बोलतो. चहा आला की तुमच्याशी बोलायला लागतो. जिथे चहा आला तिथे वहीत आडवी रेघ मारा.”

तेव्हापासून आमच्या प्रत्येक वहीत ती रेघ. रेघेच्या वर वहीला सांगितलेलं, खाली माणसाने माणसाला सांगितलेलं. डिलाईल रोडला कांबळे म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या कुटुंबाने नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. खोलीत नवा फोटो, त्याला ताजा हार. रेघेच्या वर कांबळ्यांनी सांगितलं, “आता सगळं समान झालं. काही फरक राहिला नाही.” चहा आला. मग दुसरा चहा आला. तिसऱ्या चहाला त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “आमच्या माणसाला अजून साच्यापाशी उभं करत नाहीत. साच्यात इकडून तिकडे पळतो त्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यायचा असतो ना. आमचं तोंड लागलेलं चालत नाही.”

मी परत आल्यावर तत्परतेने वरची ओळ खोडली. खरं सापडल्यावर खोटं कशाला ठेवायचं? बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

“ते खोटं आहे असं कोणी सांगितलं तुला? वरचं आहे ते त्यांना व्हायला हवंय ते. खालचं आहे ते होतंय ते. दोन्ही राहू दे. मधली रेघ वाचणाऱ्याला दिसली पाहिजे.”

बाईंकडे जांभळ्या शाईचा एक रबरी शिक्का होता: ‘सासू हजर होती’. सुनेने काय सांगितलं त्याच्या आधी ती कुणासमोर बसून सांगत होती हे त्या बघत. सासू मोरीत असली तर शिक्का फिका मारत, चुलीपाशी असली तर गडद. एका वहीवर त्यांनी तो इतका दाबून मारला की पुढची सहा पानं जांभळी झाली. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, “बाई, ‘खरं आहे’ असाही एक शिक्का करून घेऊ या. काम लवकर संपेल.”

“मी चौकशी केली,” बाई म्हणाल्या. “गिरगावात करून मिळत नाही.”

आणि आमची झोपेची भानगड. तीन महिने लिहून झाल्यावर आम्हा पाच जणांच्या वह्यांतून एकच महान सत्य बाहेर आलं: गिरणगावात झोपेचे हाल आहेत. ज्याला विचारावं तो डोळे चोळत होता. कुणी बोलता बोलता भिंतीला टेकून घोरायला लागला होता. एक जण तर माझ्या खांद्यावर झोपला, आणि त्याची बायको “उठवू नका, पुण्य लागेल” म्हणाली म्हणून मी दुपारपर्यंत तसाच बसलो होतो. सरांना भरून आलं. ‘निद्राहीन नगरी’ या नावाचं प्रकरण त्यांनी लिहायला घेतलं.

बाईंनी सगळ्या वह्या चाळल्या आणि एकच प्रश्न विचारला. “तुम्ही जाता किती वाजता?”

“अकराला, बाई. जेवूनखाऊन.”

“अकराला खोलीत कोण सापडणार? पहिली पाळी गिरणीत. दुसरी पाळी आंघोळ-जेवणाच्या घाईत, ती तुम्हाला दारातून घालवणार. राहिला कोण? रात्रभर साचा चालवून आत्ताच आडवा झालेला तिसऱ्या पाळीचा माणूस. त्याला तुम्ही उठवून विचारलंत, झोप मिळते का.”

सरांनी ते प्रकरण फाडलं, पण नावाचा कागद बरेच दिवस खिशात ठेवला. पुढे आम्ही भोंग्याप्रमाणे जाऊ लागलो. एका पाळीच्या भोंग्याला एक मजला, दुसऱ्या भोंग्याला पुन्हा तोच मजला. तेव्हा कळलं की गिरणगाव झोपतं, भांडतं, भजन करतं, कॅरम खेळतं, आणि आमच्यावर मनापासून हसतं.

आता माझ्या पापाकडे येतो. मी जन्मतःच दुप्पट सांगणारा माणूस. आमच्या घरी विंचू निघाला की मी शाळेत नाग सांगायचो. तावडेमामांची मुलाखत मी नीट घेतली होती, चहाची रेघ मारली होती. रेघेखाली मामांनी सांगितलं होतं की गिरणीत नवे साचे आले तेव्हा ते घाबरले आणि पोट दुखतंय सांगून दोन दिवस घरी बसले. चांगलं होतं, पण मला ते बारीक वाटलं. परत येताना मी इराण्याकडे बसलो, मस्कापाव मागवला, आणि मला एक ओळ सुचली. ती मी मामांच्या तोंडी घातली, रेघेखाली: ‘साचा थांबला की मला माझं काळीज ऐकू येतं.’

सरांनी ती वाचली आणि चष्मा काढून पुसला. ती ओळ त्यांनी बैठकीत वाचली, घरी वाचली, छत्रीवाल्याला वाचून दाखवली. शेवटी ठरलं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती एकटीच छापायची. अक्षरं जुळवायला छापखान्यात गेलीसुद्धा. आता ती खोटी आहे म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं. म्हटलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीच्या भरवशावर मी नुकतंच लग्न केलं होतं.

पण बाईंचा एक नेम होता. छापायच्या आधी ज्याचं बोलणं त्याला नेऊन वाचून दाखवायचं. म्हणून आम्ही त्या गॅलरीत.

मामा ओरडत होते ते पोटदुखीच्या ओळीवर. म्हणजे खऱ्या ओळीवर. “मी भियालंय? मी? चल, दाखव तुझो साचो!” गॅलरीत वीसेक माणसं जमली होती. बाईंनी शांतपणे त्या ओळीपुढे खूण केली आणि पुढे वाचलं. “साचा थांबला की मला माझं काळीज ऐकू येतं.”

खालचा बर्फवाला किसायचा थांबला. मग कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, “वा, तावडेमामा.”

मामांनी आजूबाजूला पाहिलं. मान ताठ झाली. आणि साचेखात्यात गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. “ह्या मात्र मी बोललंय.”

“नक्की?”

“असा कायतरी बोललंय खरा. परत एकदा वाचा.”

बाईंनी तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी मामांचे ओठ बरोबर हलत होते. नऊवारीमागे मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दोरीवर स्वतःच वाळत घातल्यासारखा डुलू लागलो. सुटलो. मालकानेच ओळ आपली म्हटली, आता बाई काय करणार?

बाई उठल्या, मी मागोमाग. जिन्याशी मामांच्या बायकोने त्यांना गाठलं आणि कानाशी लागून सांगितलं, “बाई, पोटाचा खरा हा. मीच ओवो दिलंय त्येंका.”

जिना उतरून बाई थांबल्या आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. “माझी चूक,” त्या म्हणाल्या. “माणसाची भीती गॅलरीत वाचायची नसते. मला खोलीत दार लावून वाचायला हवं होतं. परवा येते पुन्हा.” मग चार पावलं टाकून म्हणाल्या, “आता तुझं बघू.”

“माझं काय, बाई? मामा तर हो म्हणाले.”

“म्हणून तर. ज्याला माणूस खवळून नाही म्हणतो ते बहुतेक वेळा त्याच्याच घरचं असतं. जे तो आनंदाने घेतो ते तपासून बघायचं. ही ओळ तू कुठे लिहिलीस?”

“मामांच्या खोलीत.”

“कशावर?”

“मांडीवर.”

ट्रामच्या थांब्यावर बाईंनी वही उघडली आणि माझ्या नाकाशी धरली. “हे मांडीवरचं अक्षर. बघ, ओळ उजवीकडे उतरत उतरत पानाच्या बाहेर पडतेय. हे सगळं पान असंच. आणि ही एकच ओळ ट्रामच्या रुळासारखी सरळ. टेबलावर लिहिलेली. तावड्यांकडे टेबल नाही. टेबल ठेवलं तर त्यांना गॅलरीत झोपावं लागेल.” मग त्यांनी बोट थोडं खाली सरकवलं. “आणि हा डाग मस्क्याचा. त्या घरात मस्का कधी आला होता ते मामींना विचारून येऊ?”

दोन ट्रामा गेल्या.

“ओळ रचलीस त्याचं मला एवढं नाही, वसंता,” बाई म्हणाल्या. “सुचतं माणसाला. पण तू ती रेघेखाली घातलीस. त्या रेघेखाली कांबळे बोललेत. उद्या तुझी ओळ उघडी पडली तर त्यांचं कोण खरं मानणार?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच सरांसमोर उभं केलं. मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट मी वाढवून सांगितली नाही. वाढवायला जागाच नव्हती. सर खुर्चीत खचले. “बाई, पण ओळ किती सुंदर आहे हो.”

“आहे. तावड्यांनाही आवडली.”

“अक्षरं जुळवून झालीत. पहिलं पान आहे ते.”

“मग पहिलं पान कोरं जाऊ दे.”

मी खिशातून राजीनाम्याचा कागद काढला. बाईंनी तो उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर माझ्यासाठी यादी लिहिली: मी केलेल्या सगळ्या खोल्या, पुन्हा, पहिल्यापासून. “ते झालं की बाकीच्यांच्या वह्या तू तपासायच्या. खोटी ओळ कशी दिसते हे आता मंडळात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.”

तावडेमामांकडे बाई पुन्हा गेल्या. दार लावून, मामींनाही बाहेर बसवून. पोटदुखीची ओळ राहिली, फक्त नाव गेलं. ‘एक साचेवाला’ एवढंच छापलं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि त्याच सुमारास आमचं पुस्तक आलं. गिरणगावात प्रत्येक गॅलरीला दिव्यांच्या माळा, रस्त्यात लेझीम, गुलालाने ट्रामसुद्धा लाल. पहिलं पान कोरं. शेवटी बाईंनी चार पानं घातली होती: ‘आम्ही कुठे चुकलो’. त्यात अकराला जाण्याची चूक होती, गॅलरीत वाचण्याची चूक होती आणि ‘आमच्यापैकी एकाने एक ओळ स्वतः रचली होती, ती काढली आहे’ हेही होतं. सर म्हणाले होते की अशाने आपलं हसं होईल. आकडेवाल्या साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, सवयीने कोष्टक शोधत मागून उघडलं, आणि ती चार पानं उभ्या उभ्या वाचून काढली. मग बसले. “हे लिहिलंय तर बाकीचंही वाचतो,” म्हणाले, आणि पुस्तक घरी घेऊन गेले. मंडळींना नळाची वेळ विचारली की नाही ते समजलं नाही.

पुढे मंडळ बंद पडलं, आम्ही पांगलो. काही वर्षांनी मी लालबागला गेलो होतो. तावडेमामा गिरणीतून मोकळे झाले होते. गॅलरीत त्याच स्टुलावर बसले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. मामींनी चहा दिला, मी घोट घेतला, आणि मामा समोर बघत म्हणाले, “साचो थांबलो ना, तेव्हापासून माझा काळीज माका ऐकाक येता. ता पण आता तेल मागता.”

मी कपातला चहा मांडीवर सांडला. मामी म्हणाल्या, “रोज ह्याच सांगतत. आलेल्या-गेलेल्याक.”

तिथून मी तडक गिरगावात गेलो. बाई ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेंगा बोटांनीच बघत होत्या. पायातले बूट तेच. माझ्या पावलांवरून मला ओळखून म्हणाल्या, “धापा टाकतोयस. निम्मं करून सांग.”

मी निम्मं न करता सगळं सांगितलं. “बाई, माझी ओळ आता ते स्वतःच म्हणतात. वर तेलाचं त्यांनी आपलं जोडलंय, ते मला कधी सुचलं नसतं. आता ही ओळ खरी की खोटी?”

बाईंनी एक शेंग फोडली, दाणे मोजल्यासारखे बोटाखालून नेले.

“चहाच्या आधी म्हणाले की नंतर?”

“नंतर.”

“मग लिही,” बाई म्हणाल्या. “आजची तारीख घाल.”